रॅकचा तोच खांब पुन्हा पुन्हा वाकतोय? आधी पोचा वाचा, मग खांब बदला

समस्या ओळखीची आहे. गोदामात पॅलेट रॅकच्या (फळ्यांच्या पॅलेटवर रचलेला माल ठेवायच्या मांडणीच्या) एखाद्या खांबाला फोर्कलिफ्टची धडक बसते. खांब बदलला जातो, पुढे पिवळा गार्ड लागतो, ऑपरेटरला समज दिली जाते. थोड्याच दिवसांत त्याच गल्लीत, कित्येकदा त्याच खांबाला, नवा पोचा दिसतो.

एकदा धडक बसली तर ती चूक असू शकते. त्याच जागी दुसऱ्यांदा बसली, की कारण माणसाच्या हातात कमी आणि जागेच्या मापात जास्त शोधायचं. गल्ली अरुंद आहे, पॅलेट बाहेर आलेलं आहे, खणात (दोन खांबांमधल्या कप्प्यात) मोकळी जागा नाही किंवा वळणावर काहीतरी ठेवलेलं आहे. ते न बघता खांब बदलून मेमो देणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

कारण शोधण्याआधी: तो खण रिकामा करायचा का?

हा प्रश्न आधी सोडवायचा, कारण खांबावरचा भार दिसतो त्यापेक्षा बराच जास्त असतो. बीमचे, म्हणजे पॅलेट पेलणाऱ्या आडव्या दांड्यांचे, तीन लेव्हल आहेत, प्रत्येक खणात लेव्हलला दोन पॅलेट आणि प्रत्येक पॅलेट १००० किलोचं, असं धरा. मधल्या फ्रेमवर (पुढचा-मागचा खांब आणि त्यांना जोडणारी ब्रेसिंग, म्हणजे आडव्या-तिरक्या पट्ट्या) दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा भार येतो, म्हणजे लेव्हलमागे २ टन आणि तीन लेव्हलचे मिळून ६ टन. फ्रेमला पुढे-मागे दोन खांब असतात, म्हणजे एका खांबावर ३ टन. हा खांब थंड अवस्थेत वाकवलेल्या पत्र्याचा असतो आणि पत्र्याची जाडी सहसा दीड ते अडीच मिमीच असते. त्याची ताकद पत्र्याच्या जाडीपेक्षा घडीच्या आकारात असते. घडी चेपली की ताकद गेली, मग पोचा दिसायला कितीही किरकोळ असो.

मोजायला एक मीटर लांबीची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्या) किंवा बारीक खुणांची पोलादी पट्टी लागते. ज्या बाजूला खांब आत गेलेला दिसतो त्या खोलगट बाजूवर मीटरची पट्टी उभी धरा, पोचा पट्टीच्या मधोमध येऊ द्या, दोन्ही टोकं खांबाला टेकवा आणि सगळ्यांत जास्त फट कुठे पडते ती मोजा. गल्लीतून धडक बसली असेल तर खोलगट बाजू गल्लीकडेच असते. युरोपियन मानक ईएन १५६३५ मधल्या मर्यादा अशा आहेत:

- खांब बीमच्या दिशेने, म्हणजे रांगेच्या लांबीत, वाकला असेल तर ५ मिमी
- खांब ब्रेसिंगच्या दिशेने, म्हणजे रॅकच्या खोलीत, वाकला असेल तर ३ मिमी
- आडवी किंवा तिरकी ब्रेसिंग वाकली असेल तर १० मिमी

दोन्ही दिशांना वाकला असेल तर दोन्ही मापं वेगवेगळी घ्यायची आणि प्रत्येकाला त्याची मर्यादा लावायची. फट मर्यादेत असेल तर हिरवा: नोंद करा, लक्ष ठेवा. मर्यादा ओलांडली पण दुपटीच्या आत आहे तर पिवळा: आहे तो माल लगेच उतरवावा लागत नाही, पण एकदा उतरवला की दुरुस्तीशिवाय पुन्हा भरायचा नाही. चार आठवड्यांत दुरुस्ती झाली नाही तर तो लाल धरायचा. दुप्पट किंवा त्याहून जास्त म्हणजे लाल: त्याच वेळी खण रिकामा. पत्रा फाटला असेल, चीर गेली असेल किंवा वेल्डिंग सुटलं असेल तर मोजत बसू नका, तो लालच.

आता यातली मेख बघा. गल्लीतून समोरून बसलेली धडक खांबाला रॅकच्या खोलीत ढकलते, म्हणजे मर्यादा ३ मिमीची आणि लाल रेषा ६ मिमीवर. सहा मिमी म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी. गल्लीतून चालता चालता हे दिसत नाही. "बघितलं, विशेष काही नाही" या शेऱ्याला म्हणूनच अर्थ नसतो. पट्टी लावली का, आकडा किती आला, एवढंच विचारा.

लाल निघाल्यावर त्या फ्रेमच्या दोन्ही बाजूंचे खण रिकामे करायचे, वरपासून खालपर्यंत पूर्ण उंचीचे. सुरुवात सगळ्यांत वरच्या लेव्हलपासून. फक्त धडक बसलेल्या बाजूचा खण उतरवणं ही नेहमीची चूक आहे, कारण मधल्या खांबावर दोन्हीकडचा भार असतो. पाठीला पाठ लावलेली दुहेरी रांग असेल तर मागची गल्लीही बंद ठेवा. खांब सरळ दुमडलाच असेल किंवा बीमचं टोक खांबाच्या खाचांतून सुटलं असेल तर माल उतरवायलाही कोणाला पाठवू नका. आजूबाजूच्या गल्ल्या अडवून ठेवा आणि रॅक बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सल्ल्यानेच पुढचं पाऊल टाका. अशा वेळी एका खांबापाठोपाठ शेजारची रांग खाली येऊ शकते.

पोचा काय सांगतो

नवा खांब बसवायच्या आधी जुन्याचा फोटो आणि चार नोंदी घ्या: जमिनीपासून उंची, खांबाची कोणती बाजू, खुणेचा आकार आणि चिकटलेला रंग. एवढ्यावर बहुतेक वेळा निदान होतं.

जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत, गल्लीकडच्या बाजूला, रुंद आणि गोलसर पोचा. हा फोर्कलिफ्टच्या मागच्या वजनदार भागाचा, म्हणजे पुढच्या मालाला तोलणाऱ्या काउंटरवेटचा, असतो. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे माल उचलणारा समोरचा फोर्क एका बाजूला वळला की शेपूट उलट बाजूला बाहेर फेकली जाते. ऑपरेटरचं लक्ष पुढच्या पॅलेटवर असतं आणि धडक पाठीमागच्या रांगेला बसते. म्हणूनच पोचा पडलेला खांब आणि काम चाललेला खण बहुतेक वेळा समोरासमोर असतात. ज्या खांबाला लागलं त्याच्या समोरच्या खणात काय अडचण आहे ते आधी बघा.

शंभर-दीडशे मिमी उंचीवर, अरुंद आणि धारदार खूण. फोर्कची टोकं किंवा हाताने ओढायच्या हँड पॅलेट ट्रकचा फोर्क. फोर्क पूर्ण खाली न घेता गाडी चालवली जाते किंवा जमिनीवरचं पॅलेट तिरकं उचललं जातं.

खांबाच्या आतल्या बाजूला, खणाकडे, उभे-आडवे ओरखडे, लाकडाचा भुसा, प्लास्टिकचे धागे. पॅलेट आत घालताना घासतंय. खणातली आडवी मोकळी जागा कमी पडते आहे.

बीमच्या खालच्या कडेला पोचे, बीम एका टोकाला किंचित वर सरकलेला, सेफ्टी लॉक (बीम खाचांतून वर निघू नये म्हणून लावलेला अडसर) तुटलेला. पॅलेट उचलून बाहेर काढताना ते वरच्या बीमला लागतंय. ही खूण उंचावर असल्यामुळे कोणाच्या नजरेला पडत नाही, आणि लॉक नसलेला बीम पुढच्या धक्क्याला खाचांतून बाहेर येतो. माझ्या मते सगळ्या खुणांत ही सगळ्यांत धोक्याची.

ब्रेसिंग वाकलेली, खांब ठीक. जमिनीवरचं पॅलेट वाकडं आत ढकललं गेलं, किंवा लांब फोर्कची टोकं पॅलेटच्या पलीकडे निघून ब्रेसिंगला लागली. पॅलेट १००० मिमी खोल आणि फोर्क ११५० मिमीचा असेल तर टोक दीडशे मिमी पलीकडे जातं, आणि मागच्या रांगेतलं पॅलेटही ढकललं जातं. खाली उतरून कोणी बघत नाही तोवर हे कळत नाही.

फक्त रांगेच्या टोकाचा खांब. वळण आखूड घेतलं जातंय. टोकासमोर रिकाम्या पॅलेटचा ढीग, कचऱ्याचा डबा, रॅपिंगचं मशीन किंवा निघायच्या मालाची थप्पी आहे का बघा. ती हलवल्यावर बऱ्याचदा प्रश्न तिथेच मिटतो.

फक्त डॉकच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या, दारालगतचे पहिले दोन-तीन खण. लख्ख उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि पावसात टायर ओले असतात. तिथला उजेड वाढवा, दारापाशी पाणी निथळेल अशी जाळी किंवा मॅट टाका आणि वेगाची मर्यादा दारापासूनच लागू करा.

गल्लीचा खरा हिशोब

शेपटीची धडक असेल तर टेप घेऊन गल्ली मोजा, पण रॅकपासून रॅकपर्यंत मोजून थांबू नका. गाडीला मिळणारी जागा मालापासून मालापर्यंतची असते.

उदाहरण घ्या. नकाशात गल्ली ४००० मिमी आहे. फ्रेमची खोली १०५० मिमी आणि पॅलेट १२०० मिमी खोल, म्हणून प्रत्येक पॅलेट फ्रेमच्या दोन्ही बाजूंना ७५ मिमी बाहेर येतं. गल्लीच्या दोन्हीकडचे मिळून १५० गेले, राहिले ३८५०. पोती फुगलेली आहेत, स्ट्रेच फिल्म सैल आहे, दोन्हीकडून २५-२५ मिमी धरा. राहिले ३८००.

आता फोर्कलिफ्टच्या माहितीपत्रकात काटकोनात वळण्यासाठी लागणारी गल्लीची रुंदी बघा. तिथे सहसा दोन आकडे असतात: एक पॅलेट आडवं, म्हणजे लांब बाजू फोर्कला आडवी, धरलं तर, दुसरा लांबीत धरलं तर. चारचाकी काउंटरबॅलन्स गाडीत (मागे काउंटरवेट असलेल्या नेहमीच्या फोर्कलिफ्टमध्ये) दोन्हींत साधारण दोनशे मिमीचा फरक असतो. खरेदीच्या वेळी लहान आकडा बघितलेला असतो आणि काम मोठ्या आकड्याचं चालू असतं. या उदाहरणातल्या पॅलेटसाठी माहितीपत्रकात ४००० लिहिलं असेल तर आपल्याकडे २०० मिमी कमी आहेत. जर्मन व्हीडीआय २१९८ पद्धतीने दिलेल्या आकड्यात सुरक्षेची जागा म्हणून नेमके २०० मिमी धरलेले असतात. म्हणजे गाडी वळते, पण चुकीला जागा शून्य. ऑपरेटर दोन-तीनदा पुढे-मागे करून पॅलेट बसवतो आणि प्रत्येक वेळी शेपूट समोरच्या खांबाजवळून जाते. असा ऑपरेटर दिवसभर एकदाही चुकत नाही हेच त्याचं कौशल्य, आणि एक दिवस चुकला की आपण त्याला दोष देतो.

गाडीला नंतर साइडशिफ्टर (फोर्क डावी-उजवीकडे सरकवणारी जोडणी) किंवा दुसरी जोडणी लावली असेल तर माल आणखी पुढे जातो आणि लागणारी रुंदी वाढते. माहितीपत्रकातला आकडा मूळ गाडीचा असतो, हे विसरलं जातं.

कागदावर विश्वास नसेल तर मोकळ्या आवारात प्रत्यक्ष करून बघा. रिकाम्या खोक्यांच्या दोन रांगा गल्लीच्या अंतराने लावा. तीच गाडी, तोच माल, नेहमीचा ऑपरेटर. काउंटरवेटच्या खालच्या कडेला ओला खडू लावा. ऑपरेटरला नेहमीच्या गतीने पॅलेट आत घालायला आणि काढायला सांगा, घाई नको आणि जास्तीची काळजीही नको. खडू लागलेली आणि सरकलेली खोकी पाहिली की जागा किती कमी पडते ते समोर येतं. हा प्रयोग व्यवस्थापकांसमोर करावा, कारण गल्ली रुंद करायला पैसे लागतात आणि नुसत्या तक्रारीवर ते मिळत नाहीत. प्रयोगाच्या जागी पायी कोणी फिरणार नाही याची व्यवस्था आधी करा.

उपाय खर्चाच्या क्रमाने सांगायचे तर: माल नीट गुंडाळा आणि फुगलेली पॅलेट आत घेऊ नका. बीमवर पॅलेट कुठपर्यंत ठेवायचं ते ठरवून द्या, म्हणजे दोन्हीकडे सारखं बाहेर येईल. अनेकदा पुढे १३० आणि मागे २० असं निघतं, आणि तेवढ्या दुरुस्तीने गल्लीला ५५ मिमी परत मिळतात. पॅलेट लांबीऐवजी आडवं हाताळता येतं का पाहा, मात्र बीमची लांबी आणि पॅलेटच्या खालच्या फळ्यांची दिशा त्याला चालली पाहिजे. त्यानंतर तीनचाकी गाडी किंवा अरुंद गल्लीत चालणारा रीच ट्रक. शेवटी रांग सरकवणं, आणि तेही बनवणाऱ्याच्या आराखड्यानुसार.

गार्ड बसवल्याने धडका वाढू शकतात

खांबाच्या पुढे गार्ड हवाच, पण गार्ड काय करतो आणि काय करत नाही हे माहीत असावं. रांगेच्या टोकाच्या आणि आडव्या वाटेलगतच्या खांबांसाठी युरोपियन मानकात गार्डची उंची किमान ४०० मिमी आणि शोषायची ऊर्जा किमान ४०० ज्यूल सांगितली आहे. चार टनांची गाडी एक टन माल घेऊन जात असेल तर ४०० ज्यूल ऊर्जा ताशी दीड किलोमीटरपेक्षाही कमी वेगाला येते. ताशी पाच किलोमीटर म्हणजे साधी चालण्याची गती, पण त्या वेगाला तीच गाडी सुमारे ४८०० ज्यूल घेऊन येते, बारा पट. म्हणजे असा गार्ड वळताना बसणाऱ्या हळू धक्क्यासाठी आहे. वेगात आलेली गाडी तो थांबवेल या भरवशावर राहू नका.

दुसरी गोष्ट, गार्डलाही जागा लागते. खांबापासून पुढे ६०-७० मिमी निघालेला गार्ड दोन्हीकडे लावला तर त्या उंचीवर गल्ली १२०-१४० मिमीने कमी झाली. काउंटरवेट नेमका त्याच उंचीवर असतो. आधीच अरुंद असलेल्या गल्लीत सरसकट सगळ्या खांबांना गार्ड लावले की धडकांची संख्या वाढलेली दिसते. तिथे खांबाला घट्ट बसणारा कमी जाडीचा गार्ड निवडा आणि गल्लीचा प्रश्न वेगळा सोडवा.

तिसरी गोष्ट बसवण्यातली. जमिनीत बोल्ट केलेला गार्ड खांबाला टेकलेला असेल तर धक्का जसाच्या तसा खांबात जातो. गार्ड वाकल्यानंतरही खांबाला लागणार नाही एवढी फट ठेवायची. किती, ते गार्ड बनवणाऱ्याच्या माहितीत असतं. वाकलेला गार्ड पुन्हा सरळ करून वापरू नका. जमिनीतले बोल्ट ढिले झाले, काँक्रीटचा टवका उडाला तर त्याच भोकात मोठा बोल्ट ठोकण्यापेक्षा जागा बदला.

खणात पॅलेट घासतंय

युरोपियन मानक ईएन १५६२० मध्ये रुंद गल्लीच्या रॅकसाठी ९ मीटर उंचीपर्यंत आडवी मोकळी जागा ७५ मिमी सांगितली आहे: खांब आणि पॅलेट यांच्यात ७५, दोन पॅलेटमध्ये ७५. वरची मोकळी जागा ३ मीटर उंचीपर्यंत ७५, ६ मीटरपर्यंत १०० आणि ९ मीटरपर्यंत १२५ मिमी. ८०० मिमी रुंदीची तीन पॅलेट असतील तर २४०० अधिक चार वेळा ७५, बरोबर २७०० मिमी. म्हणून २७०० चा बीम इतका प्रचलित आहे. पण हे माप पॅलेटचं नसून मालाचं आहे. पॅलेटवरचा माल दोन्हीकडे ३०-३० मिमी बाहेर आला की तीन पॅलेटचे मिळून १८० मिमी गेले. ३०० मधले उरले १२०, म्हणजे प्रत्येक फटीला ३०. खांब घासणारच.

यावर उपाय एकच: ज्या मालाला बाहेर येण्याची सवय आहे त्याला खणात तीनऐवजी दोन जागा. साठवण कमी होते म्हणून हे टाळलं जातं. पण लाल खांबामुळे दोन खण पूर्ण उंचीला आठवडाभर रिकामे ठेवावे लागतात तेव्हा जाणारी जागा त्याहून मोठी असते.

जमिनीवर ठेवलेल्या पॅलेटचा प्रश्न वेगळा. वरच्या लेव्हलला बीम असल्यामुळे पॅलेट कुठे ठेवायचं ते ऑपरेटरला दिसतं, जमिनीवर तसली खूण नसते. पॅलेट एक तर ब्रेसिंगपर्यंत आत जातं नाही तर गल्लीत राहतं. जमिनीवर पॅलेटच्या पुढच्या कडेची रेषा आणि दोन पॅलेटमधल्या फटीची खूण पिवळ्या रंगात मारून घ्या. रंग टायरखाली लवकर जातो, म्हणून तो पुन्हा मारायचं काम कोणाचं हे ठरलेलं असावं. हँड पॅलेट ट्रक जास्त वापरात असतील तर जमिनीलगत बीम लावू नका, ट्रक त्यावर जात नाही आणि मग माल गल्लीतच टेकवला जातो.

दुरुस्तीतच पुढच्या अपघाताचं बीज

वाकलेला खांब हातोड्याने किंवा गॅसने तापवून सरळ करणं पूर्णपणे टाळा. तो दिसायला सरळ होतो, पण घडीचा आकार आणि पत्र्याचे गुण परत येत नाहीत. उभी पट्टी वेल्ड करून जोर देणं त्याहून वाईट, कारण आता आत काय झालंय ते दिसतही नाही. खालचा तुकडा कापून बोल्टने नवा जोडण्याचे किट मिळतात, पण ते त्याच रॅकसाठी तपासलेले आणि बनवणाऱ्याने किंवा जबाबदार इंजिनिअरने मान्य केलेलेच वापरा.

दुसऱ्या कंपनीचा खांब किंवा बीम "बसतोय" म्हणून लावू नका. काही रॅकच्या खाचा ५० मिमी अंतरावर असतात, अमेरिकन टिअरड्रॉप पद्धतीच्या २ इंचांवर, म्हणजे ५०.८ मिमीवर. बीमच्या टोकाचा पहिला हूक बसतो, तिसऱ्यापर्यंत दीड मिमीपेक्षा जास्त फरक साचतो, आणि बीमचा भार तिन्ही हूकांऐवजी एकावर येतो. बाहेरून बघून हे ओळखता येत नाही.

बीमच्या दोन्ही टोकांना सेफ्टी लॉक हवं. लॉक हरवलं की त्या भोकात वेल्डिंग रॉडचा तुकडा, खिळा किंवा वायर घातलेली दिसते. रॉड वर येणाऱ्या बीमला अडवत नाही, वाकतो किंवा निसटतो. लॉकची एक पिशवी सुपरवायझरच्या कपाटात कायम ठेवा, ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती आहे.

बेसप्लेट, म्हणजे खांबाच्या तळाची पोलादी प्लेट, जमिनीला पूर्ण टेकली पाहिजे. खाली फट असेल तर पोलादी पत्रीच घालायची, लाकडाची ढलपी किंवा पुठ्ठा दबतो. जमिनीत रोवलेले अँकर बोल्ट, रॅक बनवणाऱ्याने सांगितलेल्या संख्येत आणि टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळा.

आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्षित बदल: खालचा बीम वर सरकवणं. उंच माल आला म्हणून पहिला बीम १५०० वरून २१०० मिमीवर नेला जातो. खांबाचा आधाराविना असलेला भाग तेवढा लांबतो. बारीक लांब खांबाची बाक येण्याविरुद्धची ताकद लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, म्हणजे या बदलात ती अर्ध्यापर्यंत उतरू शकते. माल तोच, रॅकवरच्या भारमर्यादेच्या फलकावरचा आकडा तोच, पण तो आकडा आता खोटा. मग साध्या धडकेलाही खांब दाद देत नाही. बीमची जागा बदलायची तर आधी बनवणाऱ्याकडून नवा भार लिहून घ्या आणि फलक बदला.

नोंद अशी ठेवा की तिचा उपयोग होईल

प्रत्येक खांबाला क्रमांक द्या: रांग, खण, पुढचा की मागचा. पोचा तपासून झाला की त्याभोवती पर्मनंट मार्करने गोल करा आणि शेजारी तारीख व मोजलेला आकडा लिहा. पुढच्या फेरीत ज्या खुणेला गोल नाही ती नवी. हिरव्या ठरलेल्या पोच्यावर रंग मारू नका, नाहीतर जुना कोणता आणि नवा कोणता ते कळणं बंद होतं. गोदामाच्या नकाशावर प्रत्येक धडकेचा ठिपका टाका. दहा-पंधरा ठिपके झाले की ते कुठे गोळा होतात ते आपोआप दिसतं, आणि तिथेच टेप घेऊन जायचं.

नजरेने तपासणी आठवड्याला, त्यासाठी एक ठरलेला माणूस, आणि तांत्रिक जाणकाराकडून संपूर्ण तपासणी जास्तीत जास्त बारा महिन्यांनी, हे वेळापत्रक ईएन १५६३५ ला धरून आहे. पण या फेऱ्यांच्या मधल्या काळात खरी माहिती फक्त ऑपरेटरकडे असते. धडक लागली हे त्याला त्याच क्षणी कळतं, बाकीच्यांना पुढच्या फेरीत. सांगितल्यावर पगार कापला जाणार असेल तर तो सांगणार नाही, आणि ३ टनांचा भार वाकलेल्या खांबावर आठवडाभर उभा राहील, त्याखालून माणसं जात-येत राहतील. धडक सांगणाऱ्याला दंड नाही, हे लेखी आणि सगळ्यांसमोर जाहीर करा. लपवलेल्या धडकेचा नियम वेगळा ठेवता येईल. शिफ्टच्या शेवटच्या तासात धडका जास्त दिसत असतील तर त्या तासाचं उद्दिष्ट तपासा, फक्त माणूस नको.

धडक नाही, तरी खांब कललाय

कधी खांबावर एकही खूण नसते आणि तरी तो वाकडा दिसतो. वरून ओळंबा सोडा आणि पूर्ण उंचीत किती सरकला ते मोजा. रुंद गल्लीच्या रॅकला उभारणीच्या वेळी, रिकामा असताना, उंचीचा साडेतीनशेवा भाग एवढीच सूट असते. म्हणजे ७ मीटरच्या खांबाला २० मिमी. त्याहून जास्त निघालं तर एकट्या खांबाकडे बघू नका. शेजारच्या पाच-सहा फ्रेमही मोजा. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या असतील तर जमीन खचतेय किंवा रांगेला कुठेतरी सतत एकाच दिशेने ढकललं जातंय. एकटीच कललेली असेल तर बेसप्लेटखालची पत्री आणि अँकर आधी तपासा, मग बीमचे हूक पूर्ण बसलेत का ते. माल भरलेला असताना दोरीने किंवा फोर्कलिफ्टने ढकलून खांब ओळंब्यात आणायचा प्रयत्न करू नका. खण वरपासून रिकामे करा, मग बोल्ट ढिले करून लेव्हल घ्या, आणि भरल्यानंतर आठवड्याने ओळंबा पुन्हा सोडून आकडा लिहून ठेवा. तो दुसऱ्यांदा वाढला तर जमिनीची तपासणी करून घेतल्याशिवाय ती रांग भरू नका.